काजळाच्या डबीचं खोकं

जयश्री मराठेला कुणी बस म्हटलं तर ती बसायची, पण तिचे हात बसत नसत. लग्नात मिठाईचं खोकं हातात पडलं की मिठाई शेजारणीच्या ताटात जायची आणि खोकं उकलून, सपाट करून ही त्याच्या घड्या बघत राहायची. दुकानात गेली की पावडरचे डबे, क्रीमच्या ट्यूबा, लिपस्टिकची खोकी उलटी करून बुडाशी कसं चिकटवलंय ते तपासायची आणि काहीच न घेता बाहेर पडायची. दोन-तीन दुकानदारांनी तर तिला ओळखूनच ठेवलं होतं. ती पायरी चढली की ते आधीच सांगायचे, बहेन, हात लावायचा तर घ्यावं लागेल.

तिचा नवरा भूपेंद्र स्वभावाने अगदी उलटा. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात बारा तास सुयांच्या खडखडाटात उभा राहून तो घरी यायचा आणि चहाचा कप घेऊन गप्प बसायचा. जयश्री या खोलीतून त्या खोलीत, ओट्याकडून खिडकीकडे फिरत असायची. तो आपल्या अहिराणीत म्हणायचा, "एक जागावर बठ ना. काय भिंगरीसारखी फिरी ऱ्हायनी?" मग ती बसायची. दोन मिनिटांनी त्याच्या नव्या शर्टातला पुठ्ठा तिच्या मांडीवर असायचा आणि हातात ब्लेड.

हे वेड तिच्यात सुरतेतल्या लिंबायतच्या माहेरच्या घरातच शिरलं होतं. वडील दगा मराठे पारोळा तालुक्यातून सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला आले आणि तिथेच राहिले. आई शांताबाई घरी साड्यांची खोकी चिकटवायची. दारात छापलेल्या पुठ्ठ्यांची थप्पी, खळीची बादली, ब्रश, आणि चिकटवलेल्या खोक्यांचा छतापर्यंत गेलेला डोंगर. आठ वर्षांची जयश्री आईशेजारी बसून चिकटवायची. एकदा तिने आईला दाखवलं की कोपऱ्याची ही पाकळी आतून घेतली तर खोकं उसवत नाही. आईने आधी एक धपाटा घातला, कारण काम थांबलं होतं. मग करून बघितलं आणि त्या दिवसापासून घरातली सगळी खोकी तशीच चिकटवली जाऊ लागली. शाळा सातवीपर्यंत मराठी, पुढे गुजराती. अजूनही ती घरी अहिराणी बोलते, माल घेणाऱ्या एजंटांशी हिंदी, आणि मोजमाप घेताना आकडे मात्र तिच्या तोंडून गुजरातीतच येतात.

सुरतेतल्याच कतारगामच्या मनहरभाईंच्या खोक्यांच्या कारखान्यात ती विसाव्या वर्षी चिकटवायलाच लागली. तेव्हा तिथे साड्यांची आणि मिठाईची खोकी होत. पुढे क्रीम, तेल, शाम्पू, साबण बनवणारे लहान लहान लोक येऊ लागले. प्रत्येकाला आपलं खोकं वेगळं हवं असे, आणि वेगळं म्हणजे कसं हे एकालाही सांगता येत नसे. जयश्री बाजूच्या टेबलावरून ऐकायची, आणि गिऱ्हाईक चहा पिऊन होईपर्यंत रद्दी पुठ्ठ्यातून नमुना कापून समोर ठेवायची. मनहरभाईंनी वर्षभर हे बघितलं आणि तिला खळीच्या बादलीपासून उठवून खिडकीजवळचं टेबल दिलं. संध्याकाळच्या क्लासला जाऊन ती कॉम्प्युटरवर रेखाटायला शिकली, पण पहिला नमुना कायम हातानेच केला. कोणता पुठ्ठा घ्यायचा, चकचकीत लॅमिनेशन की मऊ, झाकण वरून उघडेल की बाजूने, बाटली आत हलेल का, कुरियरवाल्याने फेकलं तर काय होईल, हे सगळं तीच ठरवायची. सदतिसाव्या वर्षी तिच्या हाताखाली दोन बायका होत्या आणि मनहरभाई गिऱ्हाइकांना सांगायचे, जयश्रीबेनला विचारा, मी फक्त मशीन चालवतो.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मालतीबाई आल्या. सुरतेजवळच्या चलथाणच्या. त्यांचे यजमान साखर कारखान्यात ऊस-काट्यावर होते. ते गेल्यावर मालतीबाईंनी घरच्या घरी काजळ पाडायला सुरुवात केली. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याचं ताट, त्यावर धरलेली काजळी, त्यात गाईचं तूप. आधी शेजारच्या बाळंतिणींना दिलं, मग कॉलनीत, मग सहा बायका हाताशी घेतल्या, रीतसर परवाना काढला. काजळाचं नाव त्यांनी स्वतः ठेवलं होतं, डोळस. गुजरातेत हे नाव कुणाला कळणार, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. त्या बधल्या नाहीत.

मालतीबाईंनी पिशवीतून काळी गोल डबी काढली आणि टेबलावर ठेवली. डबी चांगली होती, पण प्लास्टिकच्या पुडीत. उन्हात काजळ पातळ व्हायचं, पुडी तेलकट व्हायची, दुकानदार ती खालच्या कप्प्यात टाकायचे.

"मला असं खोकं दे," त्या म्हणाल्या, "की ते बघून बाईला वाटलं पाहिजे, हे कुणीतरी जीव लावून केलंय."

मोजमाप सोपं होतं. बोटाच्या दोन पेरांएवढी डबी. पण या एका वाक्याने जयश्रीची झोप उडवली. तिने सोनेरी फॉइलचं खोकं केलं. मालतीबाई म्हणाल्या, हे हळदीकुंकवाच्या वाणासारखं दिसतं. मोराचं पीस केलं; मोर सगळ्यांकडेच असतो. सुंदर बाईचा चेहरा केला. मालतीबाईंनी विचारलं, ही कोण? एकेक नमुना मोडत गेला. सकाळी पोळ्या लाटताना जयश्री थांबायची आणि पिठाच्या बोटाने ओट्यावर रेघा काढायची. भूपेंद्रच्या पित्ताच्या गोळ्यांचं खोकं, मुलीच्या कंपासपेटीचं खोकं, चहाचं खोकं, घरात एकही खोकं धड राहिलं नाही. मुलगी वर्षा अकरावीत होती. ती म्हणाली, मम्मी, आता कपाट तेवढं सोड.

एके दिवशी बसमध्ये समोरच्या सीटवर एक बाई पेंगत होती. स्टॉप आला की तिचे डोळे उघडायचे, बस सुटली की मिटायचे. जयश्री आपल्या स्टॉपवर उतरायची राहिली. दोन स्टॉप पुढे उतरून ती अक्षरशः पळत कारखान्यात आली आणि कुणाशी न बोलता कापायला बसली.

दुपारी जे तयार झालं ते असं होतं. बाहेर पांढरं कव्हर, त्यात सरकता खण. कव्हराला डोळ्याच्या आकाराची खिडकी. खण बंद असताना खिडकीत मिटलेल्या पापणीची एकच काळी रेघ दिसायची. खण ओढला की आतली काळी गोल डबी सरकत बरोबर खिडकीखाली यायची, बुबुळासारखी. डोळा उघडायचा. आणखी ओढलं की डबी हातात.

मालतीबाईंनी तो नमुना तीनदा उघडला, तीनदा मिटला. डोळे पुसून म्हणाल्या, छापायला दे.

हे खोकं चाललं. दुकानदारांनी ते खालच्या कप्प्यातून काढून गल्ल्याशेजारी ठेवलं. मुली ते उघड-मिट करत मोबाइलवर टाकू लागल्या. कामरेजपासून नवसारीपर्यंत मागणी गेली. मालतीबाईंच्या सहा बायकांच्या चौदा झाल्या. जयश्रीला कुणी ओळखत नव्हतं, पण रस्त्यात एखाद्या मुलीच्या हातात ते खोकं दिसलं की ती जरा हळू चालायची.

यंदा श्रावणात एक माणूस मनहरभाईंच्या केबिनमध्ये आला. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. नाव त्याने सांगितलं, पण ते खरं नसावं. त्याने खिशातून डोळसचं खोकं काढलं आणि म्हणाला, असंच पाहिजे. वीस हजार. नवरात्रीच्या आधी. फक्त नावात एक अक्षर फिरवा, डोळसच्या जागी डोलस. बाकी रंग, अक्षरं, मागचा मजकूर, सगळं आहे तसं.

मनहरभाईंनी जयश्रीला आत बोलावलं. त्या माणसाला ती कोण हे माहीत नव्हतं. तो खोकं बोटांनी उघडत-मिटत हिंदीत म्हणाला, "ज्याने हे बनवलं ना, त्याच्या हाताला सलाम. आत माती भरली तरी विकली जाईल."

जयश्रीला आधी बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, अंगावर मूठभर मांस चढलं. मग तिने विचारलं की आत काजळ कुठलं आहे. तो म्हणाला, ते आमचं आम्ही बघू, तुम्ही खोकं बघा.

तो गेल्यावर ती मनहरभाईंना म्हणाली की हे मालतीबाईंचं आहे, हे आपण करायचं नाही. मनहरभाई वाईट माणूस नव्हते. पण कुणाला तोंडावर नाही म्हणायचं त्यांना जमत नसे. त्यांनी त्या माणसाला फोनवर सांगितलं की नवरात्रीपर्यंत मशीन भरलेलं आहे. तो बरं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी येऊन आपला नमुना घेऊन गेला. मनहरभाई जयश्रीला म्हणाले, झालं, मिटलं.

मिटलं नव्हतं, हे तिला त्या वेळीही ठाऊक होतं. सुरतेत खोकी बनवणारे काय कमी आहेत? तयार खोकं हातात असल्यावर त्याचा साचा करायला एक दिवस पुरतो. मालतीबाईंना सांगायला हवं होतं. एक फोन. पण फोन हातात घेतला की तिला वाटायचं, काय सांगायचं? की तुमची नक्कल करायला माणूस आला होता आणि आम्ही त्याला नुसतं, मशीन भरलंय, असं सांगून वाटेला लावलं? मनहरभाईंचं नाव खराब होईल. मालतीबाई आपलं काम दुसरीकडे नेतील. आणि कदाचित तो माणूस दुसरीकडे गेलाही नसेल. रविवारी चलथाणला जाऊन समोरासमोर सांगू, असं तिने ठरवलं. त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी दिवाळीच्या मालाची घाई निघाली. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं, तरी ती गेली नाही.

ते दीड महिने तिने फार वाईट काढले. दुकानात शिरल्याशिवाय न राहणारी बाई आता बाजारातून जाताना पलीकडच्या फुटपाथने चालायची. गल्ल्याशेजारी काय ठेवलंय ते दिसू नये म्हणून. टेबलावर नमुना कापताना ब्लेड दोनदा बोटात गेलं. घरी ती भांडी घासलेली पुन्हा घासायची. भूपेंद्रने एकदा विचारलं, काय व्हयनं? ती म्हणाली, काही नाही, घाई आहे. नवरात्र सुरू झालं. रोज संध्याकाळी वर्षा चणिया-चोळी घालून गरब्याला निघायची, आरशासमोर काजळ घालायची, आणि जयश्री कुठूनतरी येऊन तिची डबी हातात घेऊन बघायची. खोक्यावरचं नाव वाचायची, खण ओढायची, डबी खिडकीखाली बरोबर मधोमध येते का पाहायची. मग परत द्यायची. रोज. वर्षाने विचारलंही, रोज काय बघतेस त्यात?

सहाव्या माळेला सकाळी कारखान्यात मालतीबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज बसलेला होता. एवढंच म्हणाल्या, "जयश्री, असशील तशी ये."

रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा करून ती चलथाणला पोचली तेव्हा मालतीबाईंच्या ओसरीत काम बंद होतं. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. मधे खुर्चीवर चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी बसली होती. डोळ्यांवर ओला रुमाल. शेजारी तिची आई. आईचं नाव सुमन. हिंगोलीकडची, नवरा बांधकामावर, सुरतेत पांडेसऱ्यात राहणारी. मुलगी दिपाली. चौथ्या माळेला गरब्याला जाताना काजळ घातलं, दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या लिंबाएवढ्या सुजलेल्या. डॉक्टरांनी बुबुळावर जखम झाली आहे असं सांगून थेंब दिले होते आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावलं होतं. सुमनने खोक्याच्या मागे पत्ता वाचला आणि लेकीला घेऊन थेट तिथे आली.

खोकं मालतीबाईंच्या हातात होतं. त्यांनी ते जयश्रीकडे दिलं.

तिने खण ओढला. डबी खिडकीखाली आली, पण मधोमध नाही, नाकाच्या बाजूला. डोळा तिरळा दिसत होता. घडीवर पुठ्ठा फुटून पांढरे तंतू बाहेर आले होते, कारण तंतूंची दिशा न बघता आडवा कापला होता. रंग जरा मळका. नाव डोलस. आणि मागे मालतीबाईंचा पत्ता, फोन, परवान्याचा नंबर, अक्षरन् अक्षर.

जयश्रीच्या तोंडून आधी तिची विद्या बाहेर पडली. ती भराभर सांगू लागली की हे आमचं नाही, ही घडी बघा, आमच्या घडीवर पुठ्ठा फुटत नाही, ही डबी बघा मधे येत नाही, हा ल बघा. मालतीबाईंचं खरं खोकं शेजारी ठेवून ती सुमनला फरक दाखवत होती. सुमन दोन्हीकडे बघत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या लेकराला घडीतलं काय कळावं? तिनं हे खोकं पाहिलं. चांगलं वाटलं. म्हणून घेतलं. आतलं काजळ काय तिनं चाखून पाहावं?"

दिपालीने रुमाल जरा बाजूला केला आणि आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं. डोळ्यांच्या जागी दोन लाल फटी होत्या.

जयश्री खाली बसली. खुर्ची नव्हती, फरशीवरच बसली. आणि मग तिने सगळं सांगितलं. तो माणूस आला होता. श्रावणातच. हेच खोकं मागत होता. आम्ही केलं नाही, पण तुम्हाला सांगितलंही नाही.

मालतीबाईंनी विचारलं, "दीड महिना तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू गप्प बसलीस?"

जयश्री म्हणाली, "मावशी, माझ्या मुलीची डबी मी रोज उघडून बघत होते. रोज संध्याकाळी. खरी आहे की खोटी."

मालतीबाई उठून आत गेल्या. सुमननेच तिला हाताला धरून उठवलं, कारण दिपालीला पुन्हा डॉक्टरांकडे न्यायची वेळ झाली होती आणि रिक्षा कुठे मिळेल ते सुमनला माहीत नव्हतं. जयश्री त्यांच्याबरोबर गेली. दवाखान्यात नंबर लावला, थेंब आणले, पांडेसऱ्यापर्यंत सोडून आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही. कारखाना सुटला की कतारगामहून पांडेसरा म्हणजे गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं. दारात उभी राहायची, सूज किती उतरली ते बघायची, कधी पपई तर कधी मोसंबी ठेवायची. दिपालीला ते आवडत नसे. एकदा ती म्हणाली, काकू, तुम्ही आल्या की मला वाटतं माझे डोळे लई बिघडलेत. तेव्हापासून जयश्री दारात न जाता खालूनच सुमनला विचारून परत फिरायची. भूपेंद्रला तिने आता सगळं सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं, उपदेश केला नाही. दोन दिवस स्वतः कामावरून लवकर सुटून गाडीवर तिला पांडेसऱ्याला घेऊन गेला आणि खाली उभा राहिला.

डोळे वाचले. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी थेंब थांबवले. एका डोळ्याच्या पापणीचे केस विरळ झाले ते झालेच, आणि उन्हात त्या डोळ्याला अजून पाणी येतं. पण दिपालीला फळ्यावरचं नीट दिसतं. तिचं नवरात्र मात्र गेलं.

मालतीबाईंनी तक्रार दिली. ज्या दुकानातून ते काजळ घेतलं होतं तिथे माल आणून देणाऱ्याचा फोन बंद लागत होता. मनहरभाईंनी त्या माणसाचं वर्णन आणि नंबर लिहून दिला. कारखान्याचं नाव त्यात येईल म्हणून ते घाबरले होते, पण दिला. तो माणूस अजून सापडलेला नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मालतीबाई स्वतः कतारगामला आल्या. जयश्रीच्या टेबलासमोर बसल्या. रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, खोकं बदल. असं कर की कुणाला नक्कल करताच येऊ नये.

जयश्रीने मागचे आठ दिवस तेच केलं होतं. चमकणारी पट्टी, हाताने मारलेला शिक्का, आतल्या बाजूला छापलेला नंबर, कोपऱ्यातली गुप्त खूण. नमुन्यांचा ढीग टेबलाखाली होता. तिने तो वर काढलाही नाही.

"मावशी, मला येतं तेवढं मी करून बघितलं," ती म्हणाली. "मी जे काही करीन ते दुसरा कुणी महिनाभरात करील. आणि गुप्त खूण दिपालीला कोण सांगणार? तुम्ही खोकं काढूनच टाका."

मालतीबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पलीकडे मनहरभाईंनीही मान वर केली. खोकी बनवणाऱ्या कारखान्यात बसून बाई गिऱ्हाइकाला सांगत होती की खोकं नको.

जयश्री उभी राहिली आणि टेबल ते खिडकी, खिडकी ते टेबल अशा येरझाऱ्या घालत बोलत राहिली. काजळाची डबी स्टीलची करा, पुन्हा भरता येईल अशी. काजळ भरणाऱ्या बाईचं नाव बुडाला ठोकून घ्या, भांड्यांवर नाव घालतात तसं. दुकानात ठेवूच नका. तुमच्या चौदा बायका आहेत, चौदा गल्ल्यांत राहतात. त्यांच्याकडूनच घ्यायचं, संपलं की त्यांच्याकडेच भरायला आणायचं. ज्या बाईच्या हातातून काजळ घेतलं तिचं घर माहीत असलं की झालं. नक्कल करणाऱ्याला दुकान लागतं. दुकानात तुम्ही नसलात तर तो कुणाच्या नावावर विकणार?

मालतीबाई म्हणाल्या की दुकानं सोडली तर धंदा अर्धा होईल. जयश्री म्हणाली, होईल. मालतीबाई म्हणाल्या की त्या खोक्यामुळेच तर काजळ इतकं चाललं. जयश्री म्हणाली, हो, त्या खोक्यामुळेच डोलससुद्धा चाललं. मग मालतीबाईंनी पिशवी उचलली. निघताना जयश्रीच्या खांद्यावर हात ठेवला नाही, पण दारातून वळून म्हणाल्या, "स्टीलच्या डबीवाला कुठं भेटेल, त्याचा पत्ता पाठव."

धंदा अर्ध्याहूनही खाली आला. चौदातल्या पाच बायका दुसरीकडे गेल्या. उरलेल्या नऊ जणी आपापल्या भागात काजळ देतात. पांडेसऱ्यात दोघी आहेत. सुमनने मात्र घरात पुन्हा काजळ येऊ दिलेलं नाही, खरं नाही आणि खोटंही नाही, आणि तिला कुणी आग्रहही केलेला नाही. बाजारात डोलस अजून अधूनमधून दिसतं. डोळस तिथे नाही म्हणून लोक विचारतात, आणि दुकानदार सांगतो, ती कंपनी बंद पडली.

जयश्री अजून त्याच टेबलावर आहे. झोप तिला अजून नीट लागत नाही. पूर्वी नमुन्यासाठी जागायची, आता त्याचं कारण तिला नेमकं सांगता येत नाही.

संक्रांतीनंतर कामरेजहून एक तरुण उद्योजक आला. गोरं करणाऱ्या क्रीमसाठी त्याला खोकं हवं होतं, जड, गुळगुळीत, उघडताना हलकासा आवाज होईल असं. त्याने मोबाइलवर परदेशी नमुने दाखवले. मनहरभाई खूश होते, काम मोठं होतं. जयश्रीने पट्टी बाजूला ठेवली आणि विचारलं की आत काय आहे.

तो हसला. क्रीम आहे, म्हणाला.

"ते कळलं. त्यात काय काय घातलंय, कुठं बनतं, परवाना कुणाचा आहे?"

तो मनहरभाईंकडे बघायला लागला. बाईंना याच्याशी काय करायचंय, असं त्याने गुजरातीत विचारलं. मनहरभाई खुर्चीत चुळबुळले. जन्मभर त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, बेन विचारतात तर दाखवा ना कागद, त्यात काय एवढं.

कागद त्याच्याकडे नव्हते. घेऊन येतो म्हणून गेला, तो आलाच नाही. मनहरभाई दोन दिवस जयश्रीशी कमी बोलले. तिसऱ्या दिवशी साबण बनवणारं एक जोडपं आलं. जयश्रीने तोंड उघडायच्या आधीच मनहरभाईंनी त्यांना विचारलं की आत काय आहे ते आधी सांगा, माप मग घेऊ. त्या बाईने पिशवीतून परवाना काढला, तेलाच्या पावत्या काढल्या आणि साबणाची एक वडीही काढून टेबलावर ठेवली, वास घेऊन बघा म्हणाली. जयश्रीने वडी नाकाशी धरली, मग तळहातावर तोलली. मग ती उठून पुठ्ठ्यांच्या थप्पीकडे गेली, एक पुठ्ठा ओढला, वाकवून बघितला, परत ठेवला, दुसरा ओढला.